निगेटिव्ह आमच्याकडेच राहील

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जिलानीभाईंचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा आत भिंतीवर दोन पाट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, 'कृपया हलू नये'. दुसरीवर, 'निगेटिव्ह आमच्याकडेच राहील'. पहिली पाटी वाचून लोक असे ताठ बसायचे की जिलानीभाईंना सांगावं लागायचं, "मामा, हलू नगा म्हनलंय, श्वास घिऊ नगा म्हनलं न्हाई." दुसरी पाटी मात्र कुणी वाचायचं नाही, आणि भांडणं नेहमी तिच्यावरूनच व्हायची.

निलंग्याकडचा एखादा नवरदेवाचा मामा लग्नाचा अल्बम काखेत मारून दारात उभा राहायचा. "लग्न आमचं, पोरगा आमचा, अन् निगेटिव्ह तुमच्याजवळ कामून?" जिलानीभाई शांतपणे म्हणायचे, "फोटो घरी जातो, मामा. घरात लेकरं हायत, गळकं छत हाय, उंदरं हायत. एक दिवस फोटो ऱ्हात न्हाई. त्या दिवशी तुम्ही हितंच येनार." मामा पुटपुटत जायचा. आता खरं सांगायचं, तर यात जिलानीभाईंचा धंदाही होता. निगेटिव्ह जवळ असली की गिऱ्हाईक दुसऱ्या प्रतीसाठी दुसरीकडे जाऊ शकत नाही. पण ते जे बोलायचे त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता हेही तितकंच खरं.

हा विश्वास त्यांच्यात नांदेडच्या मुज्तबा उस्तादांनी रुजवला. जिलानीभाईंनी उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पहिली दोन वर्षं तर नुसत्या ट्रे धुण्यात आणि शिव्या खाण्यात गेली. उस्ताद म्हणायचे, फोटो गिऱ्हाईकाचा, निगेटिव्ह आपली. फोटोचं काहीही होवो, त्याची झळ निगेटिव्हला लागत नाही, कारण ती दुसऱ्या घरात असते. ग्रुप फोटो असेल तर ते दोनदा बटण दाबायला लावायचे, कारण चाळीस माणसांत एक तरी शहाणा ऐन वेळी मान फिरवतो. आणि बिघडलेली प्रत त्याच दिवशी फाडून टाकायची, गिऱ्हाईकाच्या नजरेला पडता कामा नये. जिलानीभाई लातूरला येऊन स्वतःचे मालक झाले, डोक्याचे केस गेले, तरी या गोष्टी त्यांच्या हाताला तशाच चिकटून राहिल्या.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा तो काळ त्यांना अजून जवळचा वाटतो. रंगीत रोल धुवायला सोलापूरला जायचे, पण काळा-पांढरा रोल ते स्वतः डार्करूममध्ये धुवायचे. लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर आधी भुवया उमटायच्या, मग केस, मग नाक. हजारदा पाहिलं असेल, तरी भुवया दिसल्या की ते मनाशी म्हणायचे, आले पाहुणे. बेगमबी, त्यांची बायको, बाहेरून चहासाठी हाका मारून थकायची आणि कप दाराशी ठेवून जायची. इतका निवांतपणा पुन्हा कधी मिळाला नाही, असं ते आज कुणालाही धरून सांगतात.

त्र्याण्णवच्या श्रावणात किल्लारीकडच्या कवठाळी गावातून शेषेराव गुरुजींचं बोलावणं आलं. शाळेचा ग्रुप फोटो काढायचा होता. गुरुजी मोठे हौशी. कोट घालून, हातात हजेरीचा कागद गुंडाळून धरून मधल्या खुर्चीवर बसले. मागे मुलगे उभे, पुढे सतरंजीवर मुली. जिलानीभाईंनी पहिल्यांदा बटण दाबलं, फोटो छान आला. दुसऱ्यांदा दाबायला आणि गावातल्या एका शेळीने गुरुजींच्या हातातला कागद ओढायला एकच गाठ पडली. गुरुजींनी मान झटकन फिरवली. सगळी शाळा खो खो हसली. जिलानीभाईंनी लातूरला आल्यावर रोल धुतला, दुसऱ्या फ्रेममध्ये गुरुजींच्या चेहऱ्याच्या जागी नुसता ढग दिसला, आणि त्यांनी निगेटिव्हच्या पाकिटावर त्या फ्रेमच्या आकड्यापुढे लाल फुली मारली. फोटोचे मालक गुरुजी. मालकाचंच तोंड नाही, तर ती फ्रेम बाद. पहिल्या फ्रेमच्या प्रती गणपतीच्या आधी गावात घरोघर पोचल्या.

मग तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. लातुरात स्टुडिओच्या काचेच्या कपाटाला तडा गेला, तेवढंच. कवठाळीत दगडामातीच्या भिंती खाली आल्या आणि माणसांवरच बसल्या. घरोघर गेलेल्या प्रती त्याच ढिगाऱ्यांखाली गेल्या.

दहा-बारा दिवसांनी माणसं स्टुडिओत यायला लागली. कुणी मदतीच्या ट्रकमधून, कुणी चालत. दारात उभं राहून सगळे जवळपास एकच बोलायचे, "तुम्ही आमच्या शाळंत फोटो काढल्ता न्हवं?" जिलानीभाईंनी दुसरं सगळं काम बंद केलं. डार्करूममध्ये ग्रुप फोटोतला एकेक चेहरा मोठा करून त्याच्या प्रती काढल्या. आलेल्या प्रत्येकाला बेगमबीनं जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाही. फोटोतल्या एकेचाळीस मुलांपैकी किती राहिली, हे जिलानीभाईंनी मुद्दामच कधी मोजलं नाही. पण त्या दिवसांत त्यांना उस्तादांची फार आठवण यायची. गाव गेलं, घरं गेली, तरी चेहरे लातुरात एका पाकिटात सुखरूप होते.

त्यांतच एके दुपारी गुरम्मा आली. अठ्ठावीसेक वर्षांची बाई. ती आणि तिचा नवरा शिवलिंग त्या दिवशी शेतातल्या खोपीवर होते म्हणून वाचले. सात वर्षांची मंजुषा गावात आजीजवळ होती. मंजुषाचा याशिवाय दुसरा फोटो कधी काढलेलाच नव्हता. जिलानीभाईंनी भिंगातून शोधून तिचा चेहरा मोठा करून दिला. गुरम्माने तो मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिला.

"हिचे डोळे मिटलेत की ओ," ती म्हणाली.

खरंच मिटले होते. नेमकं बटण दाबताना पापणी पडली असणार.

"दुसरा न्हाई का?"

"न्हाई, अक्का. ह्योच हाय," जिलानीभाई म्हणाले.

बाहेर आणखी आठ-दहा माणसं उभी होती. लाल फुलीच्या फ्रेमकडे परत बघायचं नाही, हा हाताचा शिरस्ता. त्यांनी पाकीट उघडलं नाही, आणि ती फ्रेम त्यांच्या मनातही आली नाही. त्याऐवजी त्यांनी तेव्हाचे फोटोवाले करायचे ते सुचवलं, की बारीक ब्रशने डोळे रंगवून उघडे करून देतो, कुणाला ओळखू येणार नाही.

"नगं," गुरम्मा म्हणाली. "तुम्ही काढलेले डोळे तुमचे हुतील. मला तिचेच पायजेत." आणि मिटल्या डोळ्यांचा फोटो पदराखाली धरून ती निघून गेली.

पुढची तीस वर्षं लातूर इतक्या झपाट्यानं बदललं की जिलानीभाईंना कधी कधी आपण दुसऱ्याच गावात दुकान मांडलंय असं वाटायचं. दहावी-बारावीच्या निकालांनी शहराचं नाव झालं, मग क्लासेस आले, क्लासेसमागून होस्टेलं आली, होस्टेलांमागून पोहेवाले. कंधार, देगलूर, माहूर, कुठकुठची मुलं ट्रंक घेऊन उतरायला लागली. एकेका गल्लीत होणारे डॉक्टर एवढे झाले की तेवढे पेशंट आणायचे कुठून, असं जिलानीभाई विचारायचे. गंजगोलाईमागची इमारत मालक बसवराज यांच्या मुलांनी पाडायला काढली आणि तिथेही होस्टेल उभं राहिलं. जिलानीभाईंनी क्लासेसच्या भागात एक एवढंसं दुकान घेतलं. पाठीमागे पडदा आता फक्त पांढरा. पूर्वी पडद्यावर कमळाचं तळं, ताजमहाल, विमान सगळं होतं. गिऱ्हाईक कुठल्याही देशात बसून येत असे. आता प्रत्येकाला फॉर्मचा फोटो हवा. कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको, खाली नाव आणि तारीख. जिलानीभाई तरीही प्रत्येक मुलाला विचारायचे, "घरी पाठवायला एक हसरा काढू का, बेटा?" दहातला एखादा हो म्हणायचा. त्या एकाच्या फोटोत त्यांचा जीव रमायचा.

निगेटिव्हच्या पेट्या मात्र त्यांनी प्रत्येक वेळी स्वतःच्या डोक्यावरून हलवल्या. बेगमबी गेली, त्यानंतर घरात त्या पेट्याच त्यांच्या सोबतीला होत्या.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला आणि घराच्या ज्या कोपऱ्यात पेट्या होत्या, नेमकं तिथेच छत गळलं. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. पेट्या उघडल्या तेव्हा पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, आंबूस वास सुटलेला. त्यांची मुलगी उजमा नांदेडला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मेच्या सुटीत ती स्कॅनर घेऊन आली. बापलेकीने बसून पट्ट्या सोडवल्या. काही हातातच फाटल्या. काहींचा फोटोचा थर इतका सुटला होता की स्कॅनरच्या काचेवर एकदा ठेवली, चित्र घेतलं, की उचलताना थर काचेलाच राहायचा आणि हातात नुसती पारदर्शक पट्टी यायची. कवठाळीची पट्टी तशातलीच निघाली. तरी तिचं चित्र मिळालं, याचाच दोघांना आनंद.

उजमाने लॅपटॉपवर ती पट्टी मोठी केली. "अब्बा, ये दुसरे में तो सब हस रहे हैं."

जिलानीभाई चष्मा वर करून खुर्ची ओढत पुढे आले. गुरुजींच्या जागी ढग. कोपऱ्यात शेळीचं शेपूट. आणि सतरंजीवर पुढच्या ओळीत डावीकडून तिसरी मंजुषा, टक्क उघड्या डोळ्यांनी हसत होती.

ते उठून मोरीत गेले, तोंड धुतलं, परत येऊन पुन्हा पाहिलं. तीस वर्षांपूर्वी आपण एका आईला "ह्योच हाय" म्हणालो, आणि हा फोटो तेव्हा हाताच्या अंतरावर, आपल्याच पाकिटात होता, हे त्यांना फार लागलं. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की उजमाला त्यांनी तीन वेळा विचारलं, उघडेच आहेत ना?

गुरम्माचा मुलगा वीरेश भूकंपानंतर दोन वर्षांनी झालेला. त्याचं पुनर्वसनात वसलेल्या नवीन कवठाळीत मोटार वाइंडिंगचं दुकान. जिलानीभाईंनी नंबर मिळवून त्याला फोन लावला. वीरेशने फोन आईला दिला.

"डोळे उघडे हायत?" गुरम्माने विचारलं.

"हाव, अक्का. हासून राहिलीया."

गुरम्माने ते तिथल्या तिथे वीरेशला सांगितलं. मग ती म्हणाली, "या घिऊन. मी वाट बगते."

वीरेशने फोन परत घेतला. "चाचा, व्हॉट्सअॅपवर टाका की. आत्ता बगंल ती."

"तीस वर्षांनी लेकरू घरी येनार, अन् ते असं बोटानं ढकलून पाठवायचं व्हय?" जिलानीभाई म्हणाले. "फ्रेम करून आनतो."

हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं. पण तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं होतं.

चित्रावर ओरखडे होते. उजमा म्हणाली, नांदेडला जाऊन सावकाश साफ करते, मग चांगल्या कागदावर प्रिंट काढू. जाताना तिने सगळी चित्रं इंटरनेटवरच्या एकाच खात्यात ठेवली. जिलानीभाईंच्या फोनमध्ये ती दिसत होती, तिच्या लॅपटॉपमध्येही दिसत होती, आणि बोट वर करून तिने सांगितलं, "आता वर पण आहेत, अब्बा." जिलानीभाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता. पण त्यांना कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. फोनमधला तो फोटो, आणि वर असेल ती निगेटिव्ह. कुणाच्या तरी दुसऱ्या घरात, गळक्या छतापासून लांब. उस्तादांनी सांगितलेलंच, फक्त कपाट आभाळात.

जून आला. प्रवेशाचे दिवस. एका सकाळी दुकानासमोर ओळ रस्त्यापर्यंत गेली होती. मुलं, त्यांचे बाप, कागदांच्या पिशव्या. मुलं आपले जुने फोटो फोनवर पाठवत होती, आणि जिलानीभाईंच्या फोनने अचानक संप पुकारला. जागा नाही म्हणे. नातेवाइकांनी पाठवलेल्या सुप्रभाताच्या फुलांनी अर्धा फोन भरला होता, ती त्यांनी उडवली. तरी जागा नाही. कुणीतरी बाप घाईने म्हणाला, "चाचा, आमची बस हाय." जिलानीभाईंनी फोनमधला, उजमाने ठेवलेल्या जुन्या फोटोंचा अल्बम उघडला. सगळेच मोठे, जड. फोटो गिऱ्हाईकाचा, निगेटिव्ह आपली. फोटोचं काहीही होवो, निगेटिव्हला झळ लागत नाही. निगेटिव्ह तर वर आहेत. त्यांनी सगळे निवडले आणि पुसले. फोनवर काहीतरी इंग्रजीत विचारणा आली, त्यांनी हो म्हटलं. तरीही फोन कुरकुरला, तेव्हा त्यांनी त्यातला कचऱ्याचा डबाही उघडून रिकामा केला. बिघडलेलं काम त्याच दिवशी बाहेर टाकायचं, हेही उस्तादांचंच. ओळीतल्या सगळ्यांचे फोटो झाले, बापाला बस मिळाली, आणि जिलानीभाई समाधानाने चहा प्यायले.

उजमाची शाळा सुरू झाली, घर, मुलं, सासू आजारी. ती पुढच्या सुटीत करू म्हणत राहिली आणि जिलानीभाईही म्हणाले, तीस वर्षं थांबलंय, चार आठवड्यांनी काय होतंय. जुलैच्या शेवटी एका रविवारी तिने ओरखडे काढायला लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

"अब्बा, तुम्ही फोनमधून काही पुसलं का?"

"पुसलं की. जागा नव्हती. वर आहेत ना?"

तिने लॅपटॉप पुन्हा एकदा तपासला. मग तिने फार हळू आवाजात सांगितलं. वर नाहीत. लॅपटॉपमध्येही नाहीत. फोनमधले गेले तेव्हाच सगळीकडचे गेले.

"तीन ठिकाणी होते म्हणालीस."

"तीन ठिकाणी एकच होतं, अब्बा. तीन खिडक्यांतून दिसत होतं, एवढंच. एकीतून पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. त्याला सिंक म्हणतात. इथं जे कराल तेच तिथं होतं, चांगलंही आणि वाईटही. तुम्ही म्हणता ती निगेटिव्ह वेगळी. ती दुसरीकडे ठेवायची असते, आणि इथं आपण काय केलं ते तिला कळायलाच नको असतं. तसं ठेवायला मी एक पेन ड्राइव्ह घेणार होते. घेतला नाही." आणि मग उजमा रडायला लागली. "मी 'वर आहेत' म्हणाले. जपून ठेवलेत असं म्हणाले नव्हते. पण तुम्ही तसंच समजणार हे मला कळायला हवं होतं. रोज पोरांना शिकवते मी हे."

"डब्यात असतील," जिलानीभाई म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना आठवलं, डबा कुणी रिकामा केला ते.

उजमाने पंधरा दिवस खटपट केली. खातं सांभाळणाऱ्यांना लिहिलं, ओळखीच्यांना विचारलं, लॅपटॉप एका जाणकाराकडे नेला. काही हाती लागलं नाही. जिलानीभाईंनी कवठाळीची ती पट्टी काढून खिडकीसमोर धरली. त्यातून समोरच्या होस्टेलच्या गॅलरीतले वाळत घातलेले शर्ट स्वच्छ दिसत होते. शेवटी उजमा चाचरत म्हणाली, गुरम्माकडे पहिला फोटो आहे, हल्ली मिटलेले डोळे उघडे करून देणारं अॅप मिळतं, अगदी खरे वाटतात.

"नक्को," जिलानीभाई म्हणाले. "ती बाई एकदा नको म्हणाली आहे."

ऑगस्टमध्ये ते एकटेच औशाच्या बसमध्ये बसले. काय बोलायचं ते वाटेत चारदा जुळवलं आणि चारदा मोडलं. हातात पिशवी होती, तिच्यात फळं होती. रिकाम्या हाताने जायची लाज, आणि फळं घेऊन जायची त्याहून जास्त.

नवीन कवठाळी म्हणजे सरळ रस्ते, एकसारखी सिमेंटची बैठी घरं. वीरेशने दार उघडलं. आत भिंतीवर शिवलिंगचा फोटो होता, तो सहा वर्षांपूर्वी वारला. त्याच्याशेजारी मिटल्या डोळ्यांची मंजुषा. आणि तिच्या शेजारी एक नवा खिळा ठोकलेला, मोकळा. गुरम्माने इरकली नेसली होती, कपाळावर भस्माचा ताजा पट्टा होता. ती पिशवीकडे पाहत होती.

"अक्का," जिलानीभाई उभ्यानेच म्हणाले, "फोटो न्हाई. माज्या हातानं गेला. मी पुसला."

बसवलं तेव्हा ते बसले. सगळं सांगितलं. फोन, जागा, वर असलेलं आणि नसलेलं. त्र्याण्णवमध्ये पाकीट न उघडता "ह्योच हाय" म्हणालो, तेही सांगितलं. ते सांगायची कुणी सक्ती केली नव्हती. वीरेश चिडला होता. "मी म्हनलो होतो चाचा, व्हॉट्सअॅपवर टाका. म्हनलो होतो का न्हाई?" जिलानीभाईंनी मान हलवली.

गुरम्मा आत गेली. स्टोव्हचा आवाज आला, कपांचा आला. ती रडत असेल असं जिलानीभाईंना वाटलं, आणि उठून निघून जावं असंही वाटलं. पण ती चहा घेऊन आली, त्यांच्या समोर चटईवर बसली, आणि म्हणाली, "तुम्ही तर बगितलाय न्हवं?"

"काय?"

"फोटो. मंजुषाचा. तुम्ही बगितलाय न्हवं डोळ्यानं?"

"बगितलाय."

"मग सांगा की. कशी दिसून राहिली हुती?"

जिलानीभाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी ते चित्र मे महिन्यात रोज मोठं करून पाहिलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं, फक्त चेहरे बघितले होते. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. पुढच्या ओळीत, डावीकडून तिसरी. दोन वेण्या, वर बांधलेल्या, पण उजवीकडची रिबीन सुटून कानावर आलेली. झग्याची गळ्याजवळची गुंडी तुटलेली, तिथं पिन लावलेली. शेजारच्या मुलीच्या गुडघ्यावर हिचा हात. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, शेळीकडे पाहत होती, म्हणून डोळे जरा उजवीकडे. मोठे, एकदम उघडे, हसताना बारीक होतात तसेही नाही. तोंड उघडं, आणि वरचा पुढचा एक दात नाही.

"दात?" गुरम्मा म्हणाली.

"वरचा. डावीकडचा. तिथं फट हाय."

गुरम्माने हात तोंडावर नेला. "पडल्ता," ती म्हणाली. "नागपंचमीच्या टायमाला पडल्ता. मी पत्र्यावर फेकायला सांगितलं, तर तिनं मुठीत धरून ठिवला, देईना झाली." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. "इसरले हुते ओ मी. दाताचं मी साफ इसरून गेलते. ह्या फोटोत तोंड बंद हाय न्हवं."

वीरेश दाराशी उभा होता. त्याचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. त्याने बहीण कधी पाहिलीच नव्हती. भिंतीवरचा झोपलेला चेहरा, तेवढीच त्याची बहीण.

गुरम्माने पदराने डोळे पुसले आणि जिलानीभाईंकडे नीट पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे.

"आता तुमी एकट्यानंच बगितलाय त्यो," ती म्हणाली. "माजंबी वय झालं. वीरेश, हिकडं ये. खाली बस. जिलानीभाई, पुन्यांदा सांगा. पयल्यापासून."

वीरेश येऊन आईशेजारी चटईवर बसला. जिलानीभाईंनी पुन्हा डोळे मिटले आणि पहिल्यापासून, डावीकडून तिसरी, असं सांगायला लागले.